विमा कचेरीतली माणसं: सातारा ते सांगली



आजचा विषय ऐकून काही जणांनी आम्हाला विचारलं, की विमा कंपनीत नोकरी करणाऱ्यांना काय आवडतं आणि काय आवडत नाही, यात इतिहास कुठला आला? प्रश्न रास्त आहे. आवडनिवड ही ज्याची त्याची असते. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या निवृत्त विमा कर्मचाऱ्यांशी बोलायला बसलं, की एक गोष्ट लक्षात येते. माणसं वेगवेगळी, कचेऱ्या वेगळ्या, पण आवडलेल्या आणि खटकलेल्या गोष्टींची यादी जवळजवळ सारखीच निघते. यादी सारखी निघाली, की तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही. मग शोधावं लागतं, की यादीतली प्रत्येक गोष्ट त्या नोकरीत आली कधी, आणि आणली कुणी. आजच्या व्याख्यानात आपण तेच करणार आहोत.

सुरुवात साताऱ्यापासूनच करू. विम्याच्या इतिहासात साताऱ्याचं स्थान त्याच्या आकाराच्या मानाने मोठं आहे. १९१२ साली ब्रिटिश सरकारने आयुर्विमा कंपन्यांसाठी पहिला स्वतंत्र कायदा केला आणि पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. स्वदेशी चळवळीच्या लाटेत कलकत्ता, मद्रास, मुंबई इथे विमा कंपन्या निघाल्या होत्या. पण ती बंदरांची, बड्या व्यापाराची शहरं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गावात आयुर्विमा कंपनीचं मुख्य कार्यालय असणं ही वेगळीच गोष्ट. याच चिरमुल्यांनी पुढे १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक काढली. तिकडे सांगली संस्थानात १९१६ साली सांगली बँक निघाली होती. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत या पट्ट्यात कारकुनी पेशाची एक नवी जात तयार झाली. मामलेदार कचेरी नाही, शाळा नाही, वकिलाचं ऑफिस नाही. लोकांचा पैसा सांभाळणारी खाजगी कचेरी.

आता या नोकरीचं वेगळेपण बघा. किराणा दुकानातला नोकर माल देतो आणि पैसे घेतो, व्यवहार तिथेच संपतो. विम्याच्या कारकुनाने आज वहीत केलेली नोंद वीस-पंचवीस वर्षांनी उघडली जाते. जन्मतारीख चुकली, वारसाचं नाव चुकलं, हप्ता दुसऱ्याच्या खात्यावर गेला, तर चूक करणारा तोवर निवृत्त झालेला असतो आणि तिचा भार भलत्याच घरावर पडतो. त्यात आपल्याकडे जन्मतारखेचा दाखला ही सहज मिळणारी वस्तू नव्हती. शाळेत गुरुजींनी घातलेली तारीख, नाहीतर प्लेगच्या साथीच्या आगेमागे जन्म झाला अशी आईने सांगितलेली खूण. त्यावरून वय ठरवायचं आणि वयावरून हप्ता. त्या काळापासून विमा कचेरीत दोन गोष्टी रुजल्या. एक म्हणजे कामाचा चिकटपणा, आकड्याला आकडा जुळेपर्यंत घरी न जाणं. दुसरी म्हणजे त्याच चिकटपणाचा कंटाळा. आवड आणि नावड एकाच टेबलावर सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही.

हा कंटाळा काही साताऱ्याची खासियत नाही. जगप्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का १९०७ च्या ऑक्टोबरात प्राग शहरात एका इटालियन विमा कंपनीत लागला. तास लांब, लिहायला वेळ नाही, म्हणून वर्षाच्या आत त्याने ती सोडली आणि १९०८ साली कामगारांच्या अपघात विम्याच्या निमसरकारी संस्थेत गेला. तिथे दुपारी दोनला सुटी व्हायची. त्या नोकरीबद्दलही तो जन्मभर कुरकुरत राहिला. पण लाकूड रंधणाऱ्या यंत्रांमुळे कामगारांची बोटं कशी तुटतात आणि ती कशी वाचवता येतील, यावर त्याने तिथे मन लावून अहवाल लिहिले, आणि १९२२ साली प्रकृतीमुळे निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. कुरकुरही खरी, मन लावणंही खरं. आपल्याकडचा विमा कर्मचारी यापेक्षा फार वेगळं बोलत नाही.

परत घरी येऊ. कंपन्यांच्या काळात कर्मचाऱ्याला काय खटकायचं? पहिली गोष्ट, पगाराला सर्वांना लागू असा नियम नव्हता. एका कंपनीतला कारकून आणि शेजारच्या कंपनीतला कारकून एकच काम करून वेगळा पगार घ्यायचे. वाढ मिळणं न मिळणं चालकांच्या मर्जीवर. दुसरी गोष्ट, कंपनीच टिकेल की नाही ही धास्ती. ही धास्ती पोकळ नव्हती. १९५६ पूर्वीच्या दहा वर्षांत देशातल्या पंचवीस आयुर्विमा कंपन्या बुडाल्या आणि आणखी पंचवीस कंपन्यांना आपला धंदा नुकसान सोसून दुसऱ्यांच्या हवाली करावा लागला. म्हणून १९५१ साली मुंबईत ऑल इंडिया इन्शुरन्स एम्प्लॉइज असोसिएशन ही देशव्यापी संघटना स्थापन झाली, तेव्हा नोकरांनी नुसती पगारवाढ मागितली नाही. विम्याचं राष्ट्रीयीकरण करा, ही मागणी सुरुवातीपासून त्यांच्या जाहीरनाम्यात होती. नोकरच म्हणतायत, आमचा मालक बदला! हे जरा विलक्षणच.

आणि मालक बदलला. १९ जानेवारी १९५६ ला राष्ट्रपतींनी वटहुकूम काढला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला त्याची माहिती दिली. पुढे संसदेत कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आलं. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा एकूण २४५ संस्था एका छताखाली आल्या. त्यात साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही होती. गंमत अशी, की महामंडळ सुरू झालं तेव्हा देशमुख अर्थमंत्री राहिले नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर, संयुक्त महाराष्ट्रासाठी, त्यांनी त्याच जुलैत राजीनामा दिला होता.

त्या वेळी आजचा सांगली जिल्हा कागदोपत्री 'दक्षिण सातारा' होता. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण भागाला सांगली हे नाव मिळालं. हे सांगायचं कारण, या दोन जिल्ह्यांतल्या विमा कर्मचाऱ्याची मानसिकता एकच आहे. त्याचा गिऱ्हाईकही एकच आहे. जावळी-पाटणच्या डोंगरातून मुंबईला गोदीत आणि बाजारात ओझी वाहायला गेलेला माथाडी, वाळवा-कऱ्हाडचा ऊसवाला, सांगलीच्या हळदपेठेतला हमाल आणि अडत्या, जत-आटपाडीचा दुष्काळी शेतकरी, शाळामास्तर, एसटीचा कंडक्टर आणि गावोगावचे फौजी. हप्ता कधी भरणार, याचं उत्तर पगाराच्या तारखेवर नाही, तर उसाच्या बिलावर आणि पावसावर अवलंबून.

राष्ट्रीयीकरणाने नोकरांना काय मिळालं? आवडलेल्या गोष्टींची यादी खरं तर इथून तयार होते. देशभर एक वेतनश्रेणी. सहजासहजी न जाणारी नोकरी. घरबांधणीचं कर्ज. १९९५ च्या नियमांनी पेन्शन. आणि यादीत न लिहिलेली एक गोष्ट म्हणजे पत. सत्तर-ऐंशीच्या दशकात सातारा-सांगलीकडे 'मुलगा एलआयसीत आहे' एवढं सांगितलं, की पत्रिका पुढे सरकायची. सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या घरातला मुलगा तिथे लागला, की ते घर एका पिढीत सावरायचं. हे सुख छोटं समजू नका. शेतकऱ्याच्या घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम येणं ही त्या घरापुरती क्रांतीच होती.

पण मंडळी, ज्या दाराने हे सुख आलं त्याच दाराने खटकणाऱ्या गोष्टीही आल्या. कंपनी साताऱ्याची होती तेव्हा नोकरी साताऱ्यातच. देशभराचं महामंडळ झाल्यावर बढती म्हणजे बदली असं समीकरण झालं. एका निवृत्त बाईंनी आम्हाला सांगितलं, की त्यांनी बढतीची परीक्षा तीनदा टाळली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलं शाळेत, नवरा गावातच मास्तर. त्या म्हणाल्या, "आम्हाला काही येत नव्हतं म्हणून आम्ही खाली राहिलो असं नाही हो. आम्हाला जाता येत नव्हतं." त्यांनी ज्यांना काम शिकवलं ते पुढे साहेब होऊन त्यांच्याच फायलीवर सही करायला आले. पुरुषांनीही बढत्या नाकारल्या, पण त्याचा मोठा वाटा बायकांनी उचलला, असं आम्हाला या बोलण्यांतून दिसलं. कागदावर हा नियम सगळ्यांना सारखाच होता.

दुसरी नावड म्हणजे मार्च महिना. ३१ मार्चला वर्ष बंद व्हायचं, आणि नवा धंदा आणणारे एजंट नि विकास अधिकारी प्रस्तावांचे गठ्ठे घेऊन शेवटच्या आठवड्यात धडकायचे. इथे कचेरीच्या आतले आणि बाहेरचे असा जुना तंटा आहे. विकास अधिकाऱ्याचं सगळं गणित आणलेल्या धंद्याला जोडलेलं. एजंटला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मोठं कमिशन असायचं, तेव्हाच्या कायद्याने ३५ टक्क्यांपर्यंत, आणि नंतर ते उतरत पाच टक्क्यांवर यायचं. म्हणजे पॉलिसी विकण्यात कमाई जास्त, टिकवण्यात कमी. ती बंद पडली, की गिऱ्हाईक एजंटला शोधत नाही, खिडकीवर येतो. विक्रीच्या वेळी दिलेल्या आश्वासनांचा राग खिडकीतल्या माणसाने झेलायचा. हा राग आपल्यावर का, हा प्रश्न आम्ही जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकला.

तिसरी नावड फार कमी लोक उघड बोलतात. ती म्हणजे मृत्यूदाव्याची चौकशी. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे पहिली दोन वर्षं, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं, विमेदाराने माहिती लपवली होती का हे कंपनीला तपासता येतं. एवढ्या लवकर मृत्यू झाला, की कुणाला तरी गावी जावं लागतं. दारात मांडव नाही, घरात दिवा तेवतोय, आणि हा माणूस विचारणार, की आधी दवाखान्यात कुठे दाखवलं होतं, दारू प्यायचे का. विचारलं नाही तर ज्यांनी खरं सांगून हप्ते भरले त्यांच्या पैशाशी बेइमानी, विचारलं तर त्या घराच्या दुःखात पाय. एक गृहस्थ म्हणाले, अशा घरचा चहा मी कधी घेतला नाही. यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

आता इतिहासाचा जो भाग फारसा सांगितला जात नाही, त्याकडे वळू. कर्मचाऱ्यांनी मिळवलेल्या गोष्टी एकदा मिळाल्या म्हणून टिकल्या असं नाही. १९७४ च्या जानेवारीत महामंडळ आणि संघटना यांच्यात करार होऊन तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या नोकरांना वार्षिक पगाराच्या १५ टक्के बोनस ठरला. पुढे आणीबाणी आली. १९७६ साली संसदेने खास कायदा करून करारातलं हे कलमच काढून टाकलं. कर्मचारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ फेब्रुवारी १९७८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा रद्द ठरवला. त्या पीठावर आपले यशवंतराव चंद्रचूड होते, जे दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश झाले. कारकून आणि शिपाई यांच्या बोनससाठी सात न्यायमूर्ती बसले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. निकालाचा गाभा एवढाच, की करारातून मिळालेलं येणं ही माणसाची मालमत्ता आहे, ती अशी काढून घेता येत नाही. भांडण तिथे संपलं नाही. १९८० मध्ये पुन्हा न्यायालय, १९८१ मध्ये पुन्हा कायदा. पण नीट बघा, विम्याच्या नोकरांनी न्यायालयात काय मागितलं? दिलेला शब्द पाळा. विमेदार खिडकीवर येऊन हेच मागतो.

यंत्रांचीही कथा अशीच. महामंडळात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस छिद्रांच्या कार्डांवर चालणारी यंत्रं आली आणि १९६४ साली संगणक आला. नोकऱ्या जातील या भीतीने संघटनांनी विरोध केला. कलकत्त्यात तर कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊस या इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला होता. ऐंशीच्या दशकात शाखाशाखांत छोटे संगणक आले आणि नव्वदच्या दशकात खिडकीवरच पावती निघू लागली. आज त्या विरोधाला हसणं सोपं आहे. पण ज्यांनी दोन्ही काळ पाहिले ते काय सांगतात? लेजरची धूळ गेली, डॉकेट शोधण्यात जाणारे दिवस गेले, गिऱ्हाईकाला पाच मिनिटांत शिल्लक कळू लागली, हे सगळं त्यांना आवडलं. खटकलं ते एवढंच, की पूर्वी पॉलिसी म्हटलं की माणूस आठवायचा, नंतर क्रमांक आठवायला लागला.

त्याच बाईंनी सांगितलेली आणखी एक आठवण. पाटणकडच्या एका वाडीतून एक विधवा आल्या. नवरा मुंबईत माथाडी होता. हातात पिशवी, पिशवीत हप्त्याच्या पावत्या, सगळ्या दोऱ्यात ओवलेल्या. पत्र इंग्रजीत आलेलं, ते गावात कुणाला वाचता आलं नाही, म्हणून चार महिने तसंच देवघरात ठेवलं होतं. बाईंनी अर्ज भरून दिला, अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं, साक्षीदार म्हणून शेजारच्या टेबलावरच्यांची सही घेतली आणि जेवणाच्या सुटीत त्यांना एसटीत बसवून आल्या. चेक निघाला तेव्हा ती विधवा पुन्हा आली नाही, रक्कम टपालाने गेली. पण पुढच्या दिवाळीत वाडीवरून कुणीतरी नाचणीचं पीठ आणून टेबलावर ठेवलं. "पस्तीस वर्षांच्या नोकरीत काय आवडलं विचाराल, तर हे," त्या म्हणाल्या. पगार, पेन्शन, कर्ज ही त्यांची उत्तरं नव्हती, आणि या गोष्टींची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असंही नाही. पगार निश्चित होता, नोकरी जाणार नव्हती, साहेबाची मर्जी सांभाळायची नव्हती, म्हणून तर अर्धा दिवस एका विधवेसाठी देता आला. आमच्या मते सुरक्षितता आणि माणुसकी यांचा हा संबंध या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

आता अलीकडच्या काळाकडे येऊन थांबू. १९९९ चा कायदा झाला आणि २००० पासून खाजगी विमा कंपन्या परत आल्या. सातारा-सांगलीच्या मुलांना नवे रस्ते खुले झाले. चकचकीत कार्यालय, लवकर बढती, चांगलं काम करणाऱ्याला चांगला मोबदला, हे तिथल्यांना आवडतं. दर महिन्याचं टार्गेट, रात्री उशिरा येणारे फोन, आणि दोन वर्षांत नोकरी बदलावी लागणं, हे आवडत नाही. म्हणजे कंपन्यांच्या काळातली जुनी नावड, मर्जी आणि धास्ती, नव्या कपड्यांत परत आली आहे. सरकारी बाजूलाही चित्र तसंच राहिलं नाही. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, नवी अंशदायी योजना आहे. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोघांचं म्हातारपण वेगळं. १० मे २०२१ पासून शनिवारची सुटी मिळाली, तिचं सगळ्यांनी स्वागत केलं. १७ मे २०२२ ला महामंडळाचे समभाग बाजारात नोंदले गेले, त्याला संघटनांनी विरोध केला. त्या भागविक्रीत विमेदारांना किमतीत साठ रुपयांची सूट होती आणि कर्मचाऱ्यांना पंचेचाळीस रुपयांची. नोकरसुद्धा थोडाफार मालक झाला म्हणायचं.

आणि या चित्राबाहेर राहिलेला एक माणूस आहे. २०२३ च्या सुमारास महामंडळाचे कायम कर्मचारी साधारण लाखभर होते, तर एजंट तेरा लाखांच्या घरात. वाडीवर जाऊन हप्ता आठवण करून देणारा, मयताच्या घरी पहिल्यांदा पोचणारा तोच. पण तो कायद्याने कर्मचारी नाही. त्याला काय आवडतं, काय खटकतं हे विचारलं, तर आजची सगळी यादी बदलेल. साताऱ्याची कंपनी गेली, युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली गेली, सांगली बँक २००७ साली गेली. पाट्या बदलत राहिल्या. प्रत्येक वेळी आत बसलेल्यांनी एकच प्रश्न विचारला, आमचं काय होणार? १९५६ साली त्याचं उत्तर चांगलं मिळालं, कारण उत्तर काय असावं हे नोकरांनी पाच वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं.

तुमच्या घरात कुणी विमा कचेरीत, बँकेत नोकरी केली असेल, तर त्यांना एकदा बसवून विचारा. पगार किती होता हे विचारू नका, ते सापडेल कुठेही. विचारा, की कुणाचं काम केलंत तेव्हा बरं वाटलं, आणि कुठलं काम करून आल्यावर जेवण गेलं नाही. ही उत्तरं कुठल्याच दप्तरात नाहीत, आणि सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.